वांग, गेरू आणि शेवटचा थर

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर उमटणाऱ्या तपकिरी डागांना आपल्याकडे वांग म्हणतात. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये हाच विकार ‘व्यंग’ या नावाने येतो. क्रोध आणि आयास यांनी वायू प्रकोप पावतो, असे कारण तिथे दिले आहे. त्या श्लोकात उन्हाचे नाव नाही. आजचे त्वचाविज्ञान गर्भारपण, संप्रेरके, आनुवंशिकता यांच्या जोडीला प्रकाशाला मुख्य आरोपी मानते. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा सनस्क्रीन लिहून देतात. आणि तरीही, ‘रोज लावते गं, पण डाग काही हटत नाहीत,’ हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकले आहे की त्यामागचे रसायन समजून घ्यावेसे वाटले.

ट्यूबवरच्या आकड्यापासून सुरुवात केली. एसपीएफ हा आकडा त्वचा लाल व्हायला लागणाऱ्या किरणांच्या मात्रेवरून काढतात. क्रीम लावलेली त्वचा आणि उघडी त्वचा यांचे ते गुणोत्तर. लाली आणतात ती प्रामुख्याने यूव्हीबी किरणे. म्हणजे हे मोजमाप गोऱ्या कातडीच्या भाजण्याचे आहे आणि आपली तक्रार आहे काळवंडण्याची. त्या कामात यूव्हीए किरणांचा हात मोठा. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ अडवते, यूव्हीए मात्र बरीचशी आत सोडते. 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले होते. 28 वर्षे खिडकीशेजारी बसून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी सुरकुतली होती. (आपल्याकडचा चालक असता तर उजवी!) तेव्हा ‘मी कुठे उन्हात जाते?’ हा युक्तिवाद खिडकीजवळच्या ओट्यापाशी किंवा बसमधल्या खिडकीच्या जागेवर टिकत नाही. यूव्हीएसाठी जपानी पद्धतीचे ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकची चिन्हे पाहावीत.

पण खरी मेख त्यापुढे आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथल्या संशोधकांनी दाखवले की डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढवतो आणि ते टिकून राहते. अगदी गोऱ्या त्वचेत तसे झाले नाही. आता सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती आठवा. क्रीम चेहऱ्यावर दिसू नये, पांढरट थर राहू नये, यासाठी झिंक ऑक्साइडचे कण अतिसूक्ष्म केले जातात. जे क्रीम डोळ्यांना दिसत नाही, त्यातून दृश्य प्रकाश आरपार जातो म्हणूनच ते दिसत नाही. पारदर्शकपणाची किंमत वांग असलेल्या बाईने मोजायची, असा हा व्यवहार!

यावर उपाय रंगाचा. लोह ऑक्साइड घातलेली, तपकिरी छटेची सनस्क्रीन दृश्य प्रकाशाचा, विशेषतः निळ्या भागाचा, बराच अंश शोषते. लोह ऑक्साइड म्हणजे आपल्या ओळखीच्या गेरूच्या कुळातला पदार्थ. नामिबियातल्या हिंबा स्त्रिया लोणी आणि गेरू कालवून अंगाला लावतात. गेरू अतिनील किरणे अडवतो, हे 2015 मध्ये प्रयोगाने तपासलेही गेले. (रांगोळीचा गेरू मात्र कुणी गालाला लावू नये, प्रसाधनातला रंग शुद्ध केलेला असतो.) अडचण एवढीच की या छटा अनेकदा गोऱ्या चेहऱ्यांना गृहीत धरून बनवतात. आपल्या रंगाशी जुळणारी छटा शोधायला वेळ लागतो. तो द्यावा.

थरांच्या क्रमामागेही कारण आहे. सनस्क्रीन काही त्वचेत मुरून काम करत नाही; वाळल्यावर वर सलग पापुद्रा बनतो, तो काम करतो. म्हणून चेहरा धुतल्यावर आधी सीरम, मग मॉइश्चरायझर, ते मुरले की सनस्क्रीन. त्यानंतर पाचदहा मिनिटे काही नाही. मेकअप करायचाच तर त्यावर, आणि हलक्या हाताने टिपत. सनस्क्रीनवर मॉइश्चरायझर चोळले, किंवा दोन्ही तळहातावर कालवून एकदमच लावले, तर पापुद्रा कुठे जाड, कुठे विरळ होतो. 30 एसपीएफच्या क्रीमवर 15 ची पावडर लावली की 45 होतात, हा हिशेबही चुकीचा. ट्रेटिनॉइनसारखी औषधे प्रकाशात विघटित होतात, म्हणून ती रात्रीची.

सर्वांत मोठी गळती मात्र प्रमाणात आहे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावून आकडा काढतात. चेहरा आणि गळा मिळून सुमारे 600 चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेला 1.2 ग्रॅम लागते. दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा. या हिशेबाने 50 ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी जेमतेम 6 आठवडे पुरेल. घरोघरी ती 6 महिने पुरवली जाते. म्हणजे रोज साधारण पाव ग्रॅम, गरजेच्या चौथ्या हिश्शाहून कमी. मग ट्यूबवर 50 लिहिलेले असले तरी चेहऱ्यावर 50 नसतात. दोन विरळ हात एकावर एक देणे हा चांगला मार्ग, कारण पहिल्याने सुटलेल्या जागा दुसऱ्यात भरतात.

हा खर्च प्रत्येकीला झेपणारा नाही, आणि इथेच धोका आहे. स्टिरॉइड मिसळलेली स्वस्त मलमे आठवड्यात डाग फिके करतात आणि पुढे त्वचा पातळ, लाल, केसाळ करून सोडतात. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नयेत. पैसे कमी असतील तर आधी कापडावर भरवसा ठेवावा. स्कूटरवर तोंडाला बांधलेली ओढणी घट्ट विणीची आणि गडद रंगाची असेल, तर ती घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाही. फिकट, विरळ सुती ओढणी भिजली की तिची राखण्याची ताकद घटते. ओढणी झाकत नाही तो भाग, म्हणजे कपाळ आणि डोळ्यांभोवतीची जागा; उरलेले क्रीम तिथे सढळ हाताने लावावे.