शनिवारचे प्रेक्षक

चित्रपटकलेचा मी अभ्यासक नव्हे. छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण यांविषयी अधिकारवाणीने बोलावे एवढे ज्ञान माझ्यापाशी नाही. समोर येईल ते पाहावे, आवडले तर दोन दिवस मनात घोळवावे, न आवडले तर विसरून जावे, इतकीच माझी योग्यता. तथापि गेले वर्षभर दर शनिवारी सायंकाळी मी माझ्या सात वर्षांच्या नातीला शेजारी घेऊन घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर बसत आलो आहे, आणि लहान मूल शेजारी असले म्हणजे पूर्वी पाहिलेले चित्रपटही किती निराळे दिसतात, याचा मला नवाच अनुभव आला.

आमच्या या कार्यक्रमास एक नियम होता. ज्यात कोणी मरते असा चित्रपट मुलीला दाखवावयाचा नाही. नियम माझ्या सूनबाईंनी घालून दिला आणि मी तो विनातक्रार मान्य केला. त्यास कारण होते. ते ओघाने येईलच.

नियमात बसणारा म्हणून पहिला मान ‘बूट पॉलिश’ या १९५४ सालच्या हिंदी बोलपटाला मिळाला. राज कपूर यांची निर्मिती आणि प्रकाश अरोरा यांचे दिग्दर्शन. काकीच्या धाकाने भीक मागणारी दोन पोरकी भावंडे बुटांना पॉलिश करून स्वाभिमानाने जगू पाहतात. पावसाळा येतो, धंदा बसतो आणि पुन्हा पोटाचा प्रश्न उभा राहतो. येथपर्यंत सारे खरे वाटते. रतनकुमार आणि बेबी नाझ या दोघा मुलांनी तर भल्याभल्या नटांनी हेवा करावा असे काम केले आहे. परंतु पुढे मुलीला एक श्रीमंत घर मिळते, ताटातूट होते, आगगाडीच्या स्थानकावर पुनर्भेट होते आणि बघता बघता सगळे प्रश्न सुटतात. मी तरुण असतो तर टाळ्या वाजवून उठलो असतो. माझ्या नातीने मात्र विचारले, “आणि बाकीच्या मुलांचे काय झाले?” वस्तीतील उरलेल्या मुलांविषयी ती विचारीत होती. दिग्दर्शकाला जे सुचले नाही ते तिला सुचले, आणि मला उत्तर सुचले नाही.

‘श्यामची आई’ दाखवावा की नाही, यावर घरात बराच खल झाला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेला हा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो देशातील पहिला चित्रपट होय. मराठी घरातील मुलीने तो पाहू नये, हे कोणालाच पटेना. आणि आईच्या मृत्यूचे काय करावे, हेही कळेना. अखेर अर्धा चित्रपट दाखवावयाचा अशी तडजोड निघाली. पोहण्यास जात नाही म्हणून आई श्यामला मारते तो प्रसंग पाहून नात माझ्याजवळ सरकली. मलाही तो मार आज अधिक वाटला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण मारणाऱ्या आईचा चेहरा वनमालाबाईंनी असा काही ठेवला आहे की, छडीचे वळ कोणाच्या अंगावर उठले याचा निर्णय करता येऊ नये. आईचे दुखणे सुरू झाले तेव्हा मी संच बंद केला आणि “पुढे आई बरी होते” असे सांगून मोकळा झालो.

“मग श्याम कोठे होता?”

“शिकायला गेला होता.”

“ती बरी झाल्यावर त्याला भेटली का?”

“भेटली,” मी म्हणालो. मूळ कथेत श्याम घरी पोहोचण्यापूर्वीच आई गेलेली असते. साने गुरुजींनी तुरुंगात बसून लिहिलेल्या त्या कथेत मी एका वाक्याने केवढा बदल केला, याची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली.

यानंतर आम्ही निर्धास्तपणे ‘मालगुडी डेज’ या मालिकेकडे वळलो. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर ज्यांनी ती पाहिली, त्यांना तिचे सुरुवातीचे संगीत अजून आठवत असेल. आर. के. नारायण यांच्या कथा, त्यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाटने आणि शंकर नाग यांचे दिग्दर्शन, असा तो योग होता. शंकर नाग हे मूळचे कानडी. पण उमेदीच्या काळात ते मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले होते. १९९० साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. नकाशावर नसलेले मालगुडी गाव त्यांनी कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, आगुंबे या पावसाळी गावी उभे केले. कौलारू घरे, लाकडी खांबांचे ओटे, धुक्यातून जाणारी शाळकरी मुले; यात काही घडले नाही तरी चालेल असे वाटावे, आणि बहुधा विशेष काही घडतही नाही.

मालिकेचा खरा प्राण म्हणजे स्वामी. मास्टर मंजुनाथ याने तो असा उभा केला आहे की, हा मुलगा अभिनय करतो असे क्षणभरही वाटत नाही. आजीच्या कुशीत झोपणाऱ्या स्वामीला वडील धीट करावयास निघतात आणि एका रात्री एकट्याने कचेरीच्या खोलीत झोपण्याची शिक्षा फर्मावतात. गिरीश कर्नाडांनी रंगविलेले हे वडील कठोर आहेत, दुष्ट नाहीत; हा फरक आपल्याकडील कितीतरी लेखकांना साधत नाही. घाबरलेल्या स्वामीच्या हातून त्या रात्री चोर पकडला जातो आणि गावभर त्याच्या शौर्याचा डंका वाजतो. पण दुसऱ्या रात्री हा वीर पुन्हा आजीच्या अंथरुणात! नात इतकी हसली की, तो भाग दोनदा लावावा लागला. हसता हसता ती मध्येच गप्प झाली, हे माझ्या लक्षात आले होते. मी विचारले नाही.

‘तारे जमीन पर’ या २००७ सालच्या चित्रपटाविषयी थोडक्यात सांगतो. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाची व्यथा आमिर खान यांनी घरोघर पोहोचविली, हे काम लहान नव्हे. तरी मला त्यातील शेवटच्या चित्रकला-स्पर्धेपेक्षा ती लहानशी वही मोठी वाटते. वसतिगृहात पाठविलेला ईशान वहीच्या पानापानावर आपल्या कुटुंबाची चित्रे काढतो. पाने भराभर उलटली की आईवडील आणि भाऊ यांच्यापासून एक लहान आकृती दूर सरकत जाते आणि नाहीशी होते. ती वही दाखवून झाल्यावर दिग्दर्शकाने इतके रडविण्याची आवश्यकता होती काय?

आणि मग एका शनिवारी मी ‘पथेर पांचाली’ लावला.

हा माझा अविचारच म्हणावा लागेल. सत्यजित राय यांचा हा पहिला चित्रपट १९५५ सालचा. पैशाअभावी रखडलेले त्याचे काम पश्चिम बंगाल सरकारने पैसा पुरविल्यामुळे तडीस गेले. नावात ‘पथ’ असल्यामुळे तो खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडला, असे गमतीने सांगतात. तरुणपणी पाहिलेल्या त्या चित्रपटातून माझ्या मनात एकच दृश्य उरले होते. पांढऱ्याशुभ्र कासफुलांच्या रानातून दुर्गा आणि अपू धावतात आणि धूर सोडीत आगगाडी येते. हे दृश्य प्रथम चित्रित करून राय आठवड्याने परतले, तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकलेली. पुन्हा फुले येईपर्यंत त्यांना एक वर्ष थांबावे लागले. तेवढे दृश्य मुलीला दाखवू आणि बंद करू, असा माझा बेत. बंगाली आम्हां दोघांसही येत नाही. खालची अक्षरे मी मराठीत सांगत होतो.

आगगाडी आली. नातीचे डोळे विस्फारले. आणि त्या आनंदातून परतणाऱ्या मुलांना वाटेत बांबूच्या बनात इंदिर आत्या बसलेली दिसते, हे मी साफ विसरलो होतो. मी उठेपर्यंत दुर्गाने तिला हात लावून हलविले होते. म्हातारी कलंडली, तिचा लोटा घरंगळत पाण्यात गेला. सांगण्यासारखी अक्षरेही पडद्यावर नव्हती.

आता कारण सांगतो. गेल्या वर्षी आषाढात माझी पत्नी वारली. त्या वेळी नात तिच्या मामाकडे होती. ती परतल्यावर, आजी औषधोपचारासाठी लांबच्या गावी गेली आहे, असे आम्ही तिला सांगितले. भिंतीवर लावावयाची तसबीर कपाटात ठेवली. महिन्याभराने खरे सांगू असे ठरले होते. मग दिवाळी आली, मग परीक्षा आली. खरे सांगण्यास योग्य असा दिवस पंचांगात सापडतच नाही.

नात पडद्याकडे पाहत म्हणाली, “आजोबा, आपली आजी गावाला नाही ना गेली?”

मी “नाही” म्हणालो. तिने मान हलविली. तिला पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होते. आम्हांला वाईट वाटेल म्हणून तिने विचारले नव्हते, असे तिने नंतर आपल्या आईला सांगितले.

तो चित्रपट आम्ही शेवटपर्यंत पाहिला. दुर्गा गेल्यावर परगावाहून परतलेला बाप तिच्यासाठी आणलेले लुगडे दाखवितो. आईचा आक्रोश आपल्याला ऐकू येतच नाही, त्या जागी तारशहनाईचा आर्त स्वर उठतो. आणि घर सोडताना अपूला ती माळ सापडते, जी आपण चोरली नाही असे दुर्गाने सांगितले होते. तो ती मुकाट्याने तळ्यात टाकतो. शेवाळ दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. नातीने एवढेच विचारले, “त्याने कोणालाच नाही सांगितले?”

त्या रात्री मी एकट्याने ‘श्वास’ पुन्हा पाहिला. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला आणि ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे परत आला. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला. प्राण वाचवावयाचे तर डोळे काढावयाचे. डॉक्टर म्हणतात, मुलाला सांगितलेच पाहिजे. आणि कोकणातला तो आजोबा तोंड उघडतो आणि मिटतो. अरुण नलावडे यांचा तो अभिनय पूर्वी मला किंचित लांबलेला वाटला होता. त्या रात्री तसा वाटला नाही. शस्त्रक्रियेआधी नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेऊन शहर दाखविणारा तो म्हातारा पाहून मी बराच वेळ संच बंद न करता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तसबीर कपाटातून काढली. खिळा ठोकताना नातीने हातोडी धरू दिली नाही. स्वतःच ठोकला, आणि तसबीर थोडी तिरपी लागली आहे. ‘श्यामची आई’ तिने आता शेवटपर्यंत पाहावयाचा म्हणून मागितला आहे, आणि मी कोणते वाक्य खोटे सांगितले तेही तिला हवे आहे. परंतु येत्या शनिवारी प्रथम स्वामी पाहावयाचा आहे. त्यातला शेवट, जेथे तो आजीजवळ जाऊन झोपतो.