तुमचा बोर्ड गिऱ्हाइकाच्या किती लक्षात राहतो?

भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान टाकताय? मग बोर्ड रंगवायला देण्याआधी हा प्रयोग समजून घ्या.

१९६० साली अमेरिकेत जॉर्ज स्परलिंग यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ओळींत १२ अक्षरं, आणि ती दिसायची फक्त सेकंदाचा विसावा भाग. सगळी सांगा म्हटलं, तर लोकांना चार-पाचच सांगता यायची. मग त्यांनी युक्ती केली. अक्षरं गेली रे गेली की एक सूर वाजवायचा. उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता विचारलेल्या ओळीतली चारपैकी साधारण तीन अक्षरं बरोबर यायला लागली, ओळ कोणतीही असो! म्हणजे दिसलं होतं बरंच, पण सांगता सांगता पुसलं जात होतं. सूर एक सेकंद उशिरा वाजला, की फायदा संपला.

आता हायवेवर या. ताशी ६० किलोमीटरने जाणारा माणूस सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जातो. बोर्डावर देवाचं नाव, प्रोप्रायटर, दोन मोबाईल नंबर, दहा वस्तू असतील, तर त्याने नेमकं काय लक्षात ठेवायचं? ते तुम्हीच ठरवून द्या. ‘पितळी भांडी’ मोठ्या अक्षरात, बाकी सगळं दुकानाच्या दारावर.

आजच करून बघा. बोर्डाचं डिझाईन मोबाईलवर शेजाऱ्याला एक सेकंद दाखवा आणि विचारा, काय वाचलं? तो जे सांगेल, तोच तुमचा खरा बोर्ड.