लहान मेंदूची जन्मजात विकृती : वेळीच निदान, वेळीच प्रतिबंध

शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्राच्या वर असतो. काहींमध्ये मात्र त्याचा खालचा भाग या छिद्रातून मानेकडे उतरलेला असतो. प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये या विकृतीचे प्रकार वर्णिले. म्हणून तिला ‘कियारी विकृती’ म्हणतात.

पहिल्या प्रकाराची लक्षणे बहुधा किशोरवयात किंवा त्यानंतर दिसतात. खोकताना डोक्याच्या मागे कळ येते, तोल जातो, हात बधिर होतात. अशा विद्यार्थ्यास धांदरट न ठरविता वैद्यकीय तपासणीस पाठविणे हिताचे होय. एमआरआय तपासणीने निदान होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर असून, पाठीच्या कण्यावर उघडी गाठ असलेल्या नवजात बालकांत तो आढळतो. मेंदूतील द्रवाचा मार्ग अडून डोके वाढू लागते. त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते.

कण्याचा हा दोष गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत उद्भवतो. तोवर अनेक मातांना गर्भ राहिल्याची जाणीवही नसते. म्हणूनच फोलिक आम्लाची दररोज ४०० मायक्रोग्रॅम मात्रा गर्भधारणेपूर्वीच सुरू करून पहिले तीन महिने घेणे आवश्यक आहे. पूर्वी असे मूल झालेल्या मातांना डॉक्टरांच्या सल्ल्याने अधिक मात्रा लागते. अशा मातांत दोषाची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने सिद्ध केले.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात कण्याच्या या जन्मदोषाचा समावेश आहे. गरोदरपणाच्या नोंदणीपर्यंत न थांबता नवविवाहितांपर्यंत ही माहिती पोहोचविणे, हे ग्रामपंचायतींना सहज साधणारे कार्य आहे.