ग्रीक अक्षरांची घरं आणि विक्रोळीच्या लिलियनबाई

नवरा गेल्यावर लिलियन कार्टर यांना जॉर्जियातल्या प्लेन्स गावात स्वस्थ बसवेना. पन्नाशी उलटलेली, शिक्षणानं परिचारिका, स्वभावानं फटकळ. त्यांनी शेजारच्या अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात नोकरी धरली, ती कप्पा अल्फा ऑर्डर या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या मंडळाच्या, घरात हाउसमदरची. विशी-बाविशीच्या पोरांचं जेवणखाण, शिस्त, आल्यागेल्याची वास्तपुस्त हे सगळं बघणारी घरातली वडीलधारी बाई. आपल्याकडच्या वसतिगृहाच्या रेक्टरपेक्षा अधिकार कमी आणि कटकटी जास्त. लिलियनबाईंनी ही नोकरी काही वर्षं केली.

याच बाई १९६६ मध्ये, वयाची अडुसष्ट वर्षं पूर्ण झाल्यावर, परदेशी सेवेला स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहू लागल्या. त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, हे नंतरचं.

फ्रॅटर्निटीमुळे त्या विक्रोळीला पोचल्या असं म्हणणं फाजील ठरेल. रात्री टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात दिसली, वयाची आडकाठी नाही असं तीत म्हटलं होतं, आणि त्यांनी अर्ज केला. तरीही परक्यांच्या पोरांत घर मांडून राहायची सवय ऑबर्नमध्ये झाली होती, एवढं नक्की. अमेरिकी कॉलेजांतल्या या घरांतून माणसं दूरच्या गावी, दूरच्या देशी सेवेला का जातात, हे समजून घ्यायचं तर आधी ती घरं चालतात कशी ते पाहायला हवं.

हिंदी-इंग्रजी सिनेमांनी फ्रॅटर्निटी दाखवली ती बिअरचे पेले आणि धिंगाणा एवढीच. मूळ मात्र वादविवादाचं आहे. १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी फी बीटा कप्पा नावाचं गुप्त वादविवाद मंडळ काढलं. ग्रीक अक्षरांचं नाव, सांकेतिक हस्तांदोलन, शपथ हे सारं तिथूनच सुरू झालं. १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कप्पा अल्फा सोसायटी निघाली आणि तिथून आजच्या फ्रॅटर्निटींची परंपरा धरली जाते. (लिलियनबाईंची कप्पा अल्फा ऑर्डर ती वेगळी, ग्रीक अक्षरं चोवीसच, त्यामुळे नावांचा घोळ अटळ आहे.) मुलींच्या अशा मंडळांना सोरोरिटी म्हणतात.

कामकाजाची रीत साधी आहे. सत्राच्या सुरुवातीला 'रश', म्हणजे नव्या मुलांची पारख. पसंत पडला तर 'बिड', म्हणजे निमंत्रण. मग काही आठवडे उमेदवारी, आणि शेवटी दीक्षा. त्यानंतर दर सत्राला वर्गणी, दर आठवड्याला सभा, आणि निवडून दिलेले पदाधिकारी. गल्लीतलं गणेश मंडळ जसं वर्गणी, रुसवेफुगवे आणि रक्तदान शिबिर एकाच हिशेबवहीत सांभाळतं, तसंच हे. या घरांत 'फिलँथ्रॉपी' आणि 'सर्व्हिस' हे दोन वेगळे विभाग मानतात. पहिल्यात पैसा गोळा करायचा, दुसऱ्यात अंग मोडून काम करायचं. एकोणीस वर्षांच्या पोराला पन्नास जणांकडून पैसे वसूल करायला, गाडी ठरवायला, कोण आला नाही याची नोंद ठेवायला लागतं. परदेशी सेवेला निघणाऱ्या गटाला याहून वेगळं काय लागतं?

लिलियनबाईंच्या बाबतीत एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. कप्पा अल्फा ऑर्डर १८६५ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्या संपल्या, व्हर्जिनियात जन्मली आणि गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांना तिनं आपलं दैवत मानलं. तिच्या सोहळ्यांत तरुण मुलं बंडखोर दक्षिणेचे लष्करी पोशाख चढवून मिरवत. संघटनेनं त्यावर बंदी आणली ती २०१० मध्ये. त्या काळातल्या गोऱ्या जॉर्जियात काळ्या शेजाऱ्यांना घरात मानानं वागवणारी म्हणून गावाचा रोष ओढवून घेतलेली बाई अशा घराची हाउसमदर होती.

विक्रोळीत त्यांना आधी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला लावलं. ते काम त्यांना रुचलं नाही. दवाखान्यात त्या रमल्या. तिथं कुष्ठरुग्ण पहिल्यांदा पाहून त्या हादरल्या होत्या. जिमी कार्टर यांनी पुढे आईच्या त्या अनुभवावर कविताच लिहिली. लिलियनबाईंचा वाढदिवस १५ ऑगस्टचा. सत्तरावा विक्रोळीत उजाडला, तेव्हा सगळा देश झेंडे लावून बसला होता. घरी पाठवलेल्या त्यांच्या पत्रांचं पुस्तक १९७७ मध्ये निघालं. त्याच वर्षी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून त्या दिल्लीला आल्या, आणि विक्रोळीलाही जाऊन आल्या. पीस कोअरनं मात्र त्याआधीच, १९७६ मध्ये, भारतातलं काम आवरलं होतं.

सेवा हेच निमित्त धरून निघालेली फ्रॅटर्निटीही आहे. फ्रँक रीड हॉर्टन पहिल्या महायुद्धात नौदलात होते. युद्ध संपल्यावर ते पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात शिकायला आले. बालवीर (स्काउट) चळवळीतून आलेली मुलं कॉलेजात वेगळी वागतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १६ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी अल्फा फी ओमेगा स्थापन केली: नेतृत्व, मैत्री आणि सेवा. या मंडळाची राहती घरं नसतात, आणि सदस्य दुसऱ्या फ्रॅटर्निटीतही राहू शकतो. सेवेचे तास मात्र भरावेच लागतात. मुलींना पूर्ण सदस्यत्व द्यायला १९७६ उजाडलं. जॉर्जटाउन विद्यापीठात शिकताना बिल क्लिंटन याच मंडळात होते.

या मंडळानं समुद्र ओलांडला तोही एका प्रवाशामुळे. सोल जॉर्ज लेव्ही हे सदस्य दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त फिलिपिन्समध्ये बालवीर चळवळ पुन्हा उभी करायला गेले. त्यांनी सोबत नेलेली माहितीपत्रकं लिब्राडो उरेता या विद्यार्थ्याच्या हाती पडली आणि २ मार्च १९५० रोजी मनिलाच्या फार ईस्टर्न विद्यापीठात शाखा निघाली. नंतर तिनं मूळ मंडळाला न विचारता आपला रंग धरला. १९७७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात, तिथल्या अत्याचारांवर बोट ठेवणाऱ्या एका कलाकृतीच्या प्रचारासाठी मुलं तोंडावर मुखवटे बांधून विवस्त्र धावली. फिलिपिन्स विद्यापीठात ही धाव दर डिसेंबरात अजून होते, आणि दरवेळी त्या वर्षीचा राजकीय प्रश्न तीत असतो. लाफायेटच्या बालवीरांना हे स्वप्नातही सुचलं नसतं.

काळ्या विद्यार्थिनींच्या सोरोरिटींचा इतिहास याहूनही कणखर आहे. अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्या १९३५ पासून काही उन्हाळे, डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात लसी आणि औषधं घेऊन जात होत्या. जायचं होतं रेल्वेनं, पण वर्णभेदामुळे तिकिटं मिळेनात. मग स्वतःच्या मोटारी काढल्या. मळेवाले आपल्या कुळांना दवाखान्यात येऊ देईनात, तेव्हा दवाखानाच मोटारीत घालून मळ्यांवर नेला. डेल्टा सिग्मा थीटा या दुसऱ्या सोरोरिटीनं केनियातल्या थिका इथं प्रसूतिगृहाला पैसा उभा करून दिला. अलीकडे, २०१० मध्ये, निरनिराळ्या सोरोरिटींच्या बायकांनी मिळून सर्कल ऑफ सिस्टरहुड ही संस्था काढली. गरीब देशांतल्या मुलींच्या शिक्षणासाठी ती पैसा जमवते.

या मंडळांच्या सुट्टीतल्या आठवड्याभराच्या 'सेवासहली' मात्र वेगळ्या. आयुष्यात कधी थापी न धरलेली मुलं विमानानं जाऊन भिंत बांधतात, फोटो काढतात आणि परततात. विमानभाड्याच्या पैशात गावच्याच गवंड्याला कित्येक दिवसांचा रोज देता आला असता, हा टीकाकारांचा हिशेब खोडून काढणं अवघड आहे. बाजू एवढीच, की त्यातला एखादा परत जातो, भाषा शिकतो, मुक्काम ठोकतो. पीस कोअरचा करार प्रशिक्षण धरून सत्तावीस महिन्यांचा असतो, आणि अशा लांब मुक्कामाची भूक कुठल्यातरी लहान सहलीत लागते.

दुसरी बाजू रॅगिंगची. उमेदवारीच्या आठवड्यांत दारू पाजून, मारहाण करून पोरं मेल्याच्या घटना अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्येही पुन्हा पुन्हा घडल्या. फिलिपिन्सनं त्याविरुद्ध १९९५ मध्ये कायदा केला आणि २०१८ मध्ये तो कडक केला. अमेरिकेत देशपातळीवरचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. दोषी ठरलेल्या मंडळांची माहिती कॉलेजांनी जाहीर करावी, असं त्यात आहे. कुठल्या घरानं सेवेचे किती तास भरले, हे घरं स्वतःच मिरवतात. दोषी मंडळांची दुसरी यादी आता कॉलेजाला लावावी लागेल, आणि पोराच्या वर्गणीचा चेक लिहिणाऱ्या आईबापांना दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील.