अंतरिम हुकुमाचे वजन

हातकणंगले तालुक्यातील एखादे दांपत्य विभक्त झाले, सून लेकराला घेऊन सांगलीस माहेरी निघून गेली किंवा सासरच्यांनी मूल ठेवून घेऊन तिचीच पाठवणी केली, म्हणजे प्रथम वडीलधाऱ्यांची बैठक बसते. आणि बैठकीत जमले नाही की अर्ज कोठे करावयाचा हा प्रश्न येतो. लग्न कोठे लागले हे येथे गौण. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाप्रमाणे, अज्ञान मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयास अधिकार आहे. कौटुंबिक न्यायालयाची हद्द असेल तेथे ते, तिच्याबाहेर जिल्हा न्यायालय.

‘कायद्याने मूल बापाचेच’ हा आपल्याकडचा समज मात्र अर्ध्या वाचनातून आला आहे. हिंदूंना, आणि या तालुक्यात ज्यांची वस्ती मोठी आहे त्या जैनांनाही लागू असलेला 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम नैसर्गिक पालक म्हणून आधी पिता व त्याच्यानंतर माता असा क्रम सांगतो खरा. परंतु पाच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेजवळ असावे असे तेच कलम पुढे म्हणते, आणि तेरावे कलम मुलाच्या कल्याणास सर्वांत वरचे स्थान देते. पित्याच्या मृत्यूनंतरच मातेचा अधिकार सुरू होतो, हा अर्थही लेखिका गीता हरिहरन यांच्या 1999 मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. आणि तो वाद निघाला होता मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यावरून!

कल्याण म्हणजे काय, हे ठरविताना सातबाऱ्यावरील एकरांना वा मागावरील उत्पन्नाला पक्षकार समजतात तेवढी किंमत नसते, कारण कमावत्या बापाकडून पोटगी देवविता येते. मुलाचे वय, त्याची शाळा, आजारपणात उशाशी बसणारे माणूस, पालकाचे वर्तन, भावंडांची ताटातूट, हे पाहिले जाते. विवाह समुपदेशक उभयतांशी बोलतात. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून त्याचा कल जाणून घेतात. पढवून आणलेल्या मुलाचे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते, हे अनुभवी न्यायाधीशाला सांगावे लागत नाही.

माझ्या मते या प्रकरणांतील खरे वजन अंतिम निकालापेक्षा आरंभीच्या तात्पुरत्या हुकुमाला आहे. साक्षीपुरावा, तहकुबी आणि तारखा यांत वर्षे लोटतात, आणि तोवर मूल ज्याच्या घरी रुळले त्याचेच पारडे, ‘बसलेली घडी मोडू नये’ या न्यायाने, जड होत जाते. म्हणूनच मूल आधी उचलून नेण्याची घाई होते. गोव्यातील एका प्रकरणात तीन वर्षांखालील मुलाचा अंतरिम ताबा उच्च न्यायालयाने पित्याला दिला होता. तो हुकूम 2015 साली फिरवून, इतक्या लहान मुलाच्या मातेने स्वतःची पात्रता सिद्ध करावयाची नसून ती अपात्र आहे हे पित्याने दाखवावयाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले आणि मूल मातेकडे सोपविले. पित्याच्या भेटी अर्थात राखून.

भेटींचे वार, दिवाळी व मे महिन्याच्या सुटीची वाटणी हे सारे हुकुमात जितके तपशिलाने लिहिले जाईल तितके बरे. ‘सोयीनुसार’ या एका शब्दाने पुढची दोन वर्षे भांडणाची होतात. अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागल्याने हातकणंगल्याच्या पक्षकाराची ती रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस चुकली. आणि अपील संपले तरी ताब्याचा हुकूम कायमचा होत नाही: चौथीतल्या मुलीविषयी झालेला निर्णय, ती नववीत गेल्यावर परिस्थिती पालटल्याचे दाखवून कोणाही पालकास पुन्हा न्यायालयापुढे नेता येतो, आणि त्या वेळी तिचे स्वतःचे म्हणणे पहिल्या खेपेपेक्षा अधिक काळजीपूर्वक ऐकले जाते.