मुरलेला सिगार आणि निपाणीची तंबाखू
लेखमाला ‘पारख’ : भाग सहावा

गेल्या भागात आपण गुळाच्या सौद्यापाशी थांबलो होतो. ढेप हाताळून, चिमूटभर गूळ जिभेवर ठेवून भाव ठरवणारी माणसं पाहिली होती. या आठवड्याची वस्तू लांबची आहे : क्युबाचा सिगार, तोही दहा-बारा वर्षं डब्यात मुरलेला. मात्र त्यातला कच्चा माल कोल्हापूरकराला परका नाही. पुणे-बंगळूर रस्त्यानं दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर गेलं की निपाणी येते. तिथल्या तंबाखूच्या वखारींवरून जाताना नाकात जो वास शिरतो, तो ज्याला ओळखीचा आहे त्याची सिगार पारखायची अर्धी तयारी झालेलीच असते.

हे पीक आपल्या मुलखात आलं तेही लांबूनच. १४९२ साली कोलंबसाच्या माणसांनी क्युबाच्या रहिवाशांना पानांची गुंडाळी पेटवून धूर घेताना पाहिलं. पुढं पोर्तुगिजांच्या जहाजांतून तंबाखू दख्खनमध्ये उतरली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला तेव्हा त्याला ती पहिल्यांदा दिसली, आणि १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित चिलमीसह त्यानं ती बादशहापुढं ठेवली. हकिमांनी विरोध केला, तरी अकबरानं दोन-चार झुरके घेतले. त्या काळी आपला पन्हाळाही आदिलशाहीतच होता. म्हणजे आग्र्याच्या दरबाराआधी तंबाखूची ओळख आपल्या बाजूला झाली होती.

आता सिगारकडे वळू. स्पेनहून आलेल्या एका स्नेह्यानं दिलेल्या डब्यातला मोंतेक्रिस्तो क्रमांक ४ मी पन्हाळ्याच्या पायथ्याशी, मित्राच्या मळ्यात, थंडीतल्या एका रविवारी दुपारी पेटवला. मोकळा दिवस मुद्दाम निवडला होता. हा सिगार लहानच, १२९ मिलिमीटर लांबीचा, पण नीट ओढायचा तर पाऊण तास हवाच. घाईनं ओढला की तापतो, आणि तापलेला सिगार कडू लागतो.

पेटवण्याआधीचं काम डोळ्यांचं आणि बोटांचं. डब्याच्या तळाशी शाईचा शिक्का असतो. कारखान्याचा संकेत, स्पॅनिश महिन्याची पहिली तीन अक्षरं आणि वर्षाचे दोन आकडे. आमच्या डब्यावर २०११ चा एप्रिल होता. वय कळायला हा शिक्काच खरा, विकणाऱ्याचा शब्द नव्हे. मग बाहेरचं पान. हे पान पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली, उन्हाचा मारा टाळून वाढवतात. ते अखंड हवं, शिरा बारीक हव्यात, रंग एकसारखा आणि वर किंचित तेलकट झाक. अंगठा आणि तर्जनीत हलकं दाबत टोकापासून टोकापर्यंत जायचं. कुठं पोकळ लागलं तर तिथं जळताना भगदाड पडणार, कुठं दगडासारखं लागलं तर धूर अडणार. हिरवट-निळसर लव दिसली तर ती बुरशी. तो सिगार सरळ टाकून द्यावा.

सिगारच्या बंद टोकाची टोपी कापल्यावर न पेटवता एक झुरका घ्यायचा. सगळ्यांत जास्त कळतं ते इथंच, आणि नेमकं हेच लोक गाळतात. ताज्या सिगारचा हा कोरडा झुरका नाकाला किंचित झोंबतो, कारण पानात अमोनिया शिल्लक असतो. आमच्या सिगारला तो अजिबात नव्हता. सुकं गवत, जुनं लाकूड आणि मागून कोकोसारखा गोडसर कडवटपणा. लाकडी काडीनं, गंधकाचा भडका विझू देऊन, टोक आधी शेकलं आणि मग पेटवलं. पेट्रोलचा लायटर वापरू नये, त्याचा वास पहिला एक-तृतीयांश हिस्सा संपेपर्यंत पाठ सोडत नाही. मिनिटाला एखादा झुरका, धूर तोंडातच फिरवायचा, छातीत घ्यायचा नाही. राख झटकायची नाही, ती आपणहून पडू द्यायची. पहिला हिस्सा अगदी सौम्य निघाला, इतका की मला जरा निराशा वाटली. अर्ध्यावर आल्यावर चामडं आणि भाजलेल्या कॉफीची चव उठली, आणि शेवटी मिरीचा चटका आला तरी घशाला लागला नाही. तारुण्यातला तिखटपणा गेला होता आणि त्याच्या जागी काहीतरी भरलं होतं. माझा निवाडा : शंभरात ८८. पहिल्या हिश्श्यानं गुण घालवले.

छातीत न घेतल्यानं धोका टळतो असं मात्र कुणी समजू नये. सिगारनं तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. वर्षातून एखाद्या वेळी, जाणून घेण्यासाठी, एवढ्यापलीकडं मी याची शिफारस करणार नाही. न ओढताही वासावरून पुष्कळ शिकता येतं.

मुरताना होतं काय? क्युबाच्या पश्चिमेला, पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागात काढलेली पानं आधी वाळवतात आणि मग ढीग लावून आंबवतात. ढिगाच्या पोटात उष्णता तयार होते, अमोनिया बाहेर पडतो, फार तापलं की ढीग मोडून उलटा लावतात. झाडाच्या शेंड्याकडचं पान सर्वांत जड आणि तिखट. त्याला मुरायला दोन वर्षं तरी लागतात. तेच सिगारच्या पोटात मध्यभागी बसवतात, कारण ते सावकाश जळतं. वळल्यानंतरही ही क्रिया डब्यात हळूहळू चालूच राहते. म्हणून ज्याच्या अंगात मुळात जोर आहे तो सिगार वर्षांगणिक सुधारतो, आणि मुळात फिका असेल तो नुसताच विरून जातो. जुना म्हणजे चांगला, हा समज व्यापाऱ्यांच्या सोयीचा आहे.

कोल्हापुरात तो सांभाळणं सोपं नाही. त्याला हवेत ६५ ते ७० टक्के ओल आणि सोळा-अठरा अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडं आषाढात भिंतींना ओल येते आणि वैशाखात पानाचा चुरा होईल इतकं कोरडं पडतं. त्यातच तंबाखूचा भुंगेरा. पंचवीस अंशांच्या वर त्याची अंडी उबतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. हाच किडा निपाणीच्या वखारीतही साठवलेल्या मालाला लागतो.

आणि निपाणीशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिथली तंबाखू विडीची. पावसाळ्यात लावण, शेंडा खुडायचा, बगलफुटी काढायच्या, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. पानावर तपकिरी ठिपके उठले की ते पिकलं. थंडीत काढणी करून रानातच उन्हावर वाळवतात. ठिपके किती, पान जाड किती, हाताला चिकटतं किती, वास कसा, यावर व्यापारी क्षणात भाव सांगतो. हाव्हानाच्या कारखान्यातला पारखी याहून वेगळं काही करत नाही.

फरक थांबण्याचा आहे. तंबाखू मुरू द्यायला वखार लागते, आणि वखारीइतकाच पदरी पैसा लागतो. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि पोरीचं लग्न तोंडावर आहे, तो शेतकरी माल निघाल्या निघाल्या विकतो. मुरण्याची किंमत जाते ती थांबू शकणाऱ्याच्या खिशात. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीला महामार्ग अडवला, तो याच भावासाठी. सहा एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. वखारींच्या आत, तंबाखू कुटून चाळताना दिवसभर धूळ छातीत घेणाऱ्या बायकांची संघटना प्रा. सुभाष जोशींनी बांधली. या बायकांवर ‘युगांतर’ या महिला चित्रपटगटानं १९८२ साली माहितीपट केला. मिळाला तर जरूर पाहा. तंबाखूची किंमत कशी ठरते ते त्यात डब्यावरच्या शिक्क्यापेक्षा स्पष्ट दिसतं.

क्युबातही चित्र फार निराळं नाही. तिथला शेतकरी पिकाचा ९० टक्के हिस्सा सरकारला सरकारी भावानं देतो, उरलेला दहावा भाग त्याचा. तो घरी वळतो, ओढतो, पाहुण्यांना देतो. लंडनच्या लिलावांत जुन्या डब्यांना जी रक्कम येते, तिच्यातला एक पैसाही त्याच्याकडं परत येत नाही. डब्यावर कारखाना असतो, महिना असतो, वर्ष असतं. शेत कुणाचं ते कुठंच नसतं. सिगारला गुण देण्याच्या कुठल्याही तक्त्यात यासाठी रकाना नाही, आणि माझ्या ८८ गुणांतही तो नव्हता.

पुढच्या आठवड्यात : कोल्हापुरी चपलेचं कातडं.