बॅटरीवरील संवेदक आणि अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतरकातील वीजबचत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण परिसरात मोसंबीच्या बागांना उन्हाळ्यात मोजूनमापून पाणी द्यावे लागते. मातीतील ओलावा मोजणाऱ्या संवेदकाची बॅटरी ऐन उन्हाळ्यात संपली, तर नोंदच थांबते. त्यामुळे संवेदकाच्या व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या परिपथातील वीजबचतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

८ बिटच्या फ्लॅश रूपांतरकात २५५ कंपॅरेटर एकाच वेळी कार्य करतात. क्रमिक सन्निकटन पद्धतीत एकच कंपॅरेटर ८ टप्प्यांत तेच उत्तर काढतो. वेग घटतो, परंतु ओलावा मंदगतीने बदलत असल्याने तो पुरेसा ठरतो.

धारित्र प्रभारित करण्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज निम्मे केल्यास ती एकचतुर्थांश होते. मात्र संकेत लहान झाल्याने गोंगाटाचा परिणाम वाढतो.

खरी बचत निद्रावस्थेत आहे. २४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतत १ मिलिअँपिअर प्रवाह दिल्यास १०० दिवसांत संपते. दर १५ मिनिटांनी १ सेकंदच जागा राहणारा परिपथ ९०० पैकी १ सेकंद कार्यरत असतो. अशा वेळी बॅटरीचे आयुष्य प्रामुख्याने निद्रावस्थेतील प्रवाहावर अवलंबून राहते. म्हणून रूपांतरकाची निवड करताना त्या प्रवाहाचा आकडा प्रथम तपासणे आवश्यक आहे.